रॅम्पंट कोहळं

इंग्रजीतल्या एका विशेषणापायी आमच्या घरांच्या ओळीची वीज बंद करण्याची नोटीस निघाली, असं सांगितलं की लोक आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतात. तब्येत उत्तम आहे. विशेषणही उत्तम होतं. रॅम्पंट. आमचं गाव यवतमाळ आणि बाभुळगावच्या मध्ये कुठंतरी आहे. नाव सांगत नाही, कारण वीज कार्यालयाशी मला अजून संबंध ठेवायचे आहेत.

शेजारच्या बबनरावांची वैष्णवी जूनमध्ये एका सकाळी हातात चिठ्ठी घेऊन आमच्या व्हरांड्यात आली. बी.एड. झालेली, हुशार, आणि त्या दिवशी रडवेली. यवतमाळच्या एका इंग्रजी शाळेत पोळ्यानंतर एक जागा रिकामी होणार होती. तिथल्या मुख्याध्यापिका ऋचा मॅडम दूरदर्शी. त्यांनी उमेदवारांना दोन-अडीच महिने आधीच एकेक शब्द वाटून दिला होता. पोळ्याच्या आधी तो शब्द सातवीच्या वर्गाला शिकवून दाखवायचा. समानार्थी शब्द आणि वापर दोन्ही. अट एकच : चित्र नाही, मोबाइल नाही, फळ्यावर व्याख्या नाही. खरी वस्तू समोर पाहिजे.

"एकीला फ्रॅजाइल निघाला, काका. ती काचेची बांगडी नेईल. एकाला हॉलो निघाला, तो बासरी नेईल. मी रॅम्पंट कशात भरून नेऊ?"

नोकरी नाही मिळाली तर काय, हेही ठरलेलं होतं. वणीला तिच्या मामाचं ट्रकच्या टायरचं दुकान आहे आणि मामाला काउंटरवर विश्वासाचं माणूस हवं होतं. बबनरावांनी त्याला शब्द देऊन टाकला होता : पोळ्यापर्यंत पोरीचं जमलं तर ठीक, नाहीतर बसली काउंटरवर.

"मी बी.एड. केलं ते रिमोल्ड टायरचा भाव सांगायला नाही," वैष्णवी म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा बारीक झाला की माझ्यातला निवृत्त इंग्रजी शिक्षक खुर्चीतून उठून उभा राहिला. या माणसाला मी ओळखतो. तो उठला की आमच्या घरी काहीतरी महाग होतं.

तेवढ्यात कुंपणावरून बबनराव डोकावले. त्यांचं वावर गावाबाहेर, पण लक्ष कायम आमच्या अंगणात.

"सर, एवढं काय टेन्शन घेऊन राह्यले? गाजरगवत न्या की उपटून. माह्या वावराच्या धुऱ्यावर पोतंभर हाय."

"बबनराव," मी म्हणालो, "उपटलेलं गवत हे रॅम्पंट नसतं. ते मयत असतं. रॅम्पंट म्हणजे जे आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत, कोणाला न विचारता वाढतं आहे."

"आणि पोरांले खाज सुटली का मास्तरीणबाईची नोकरी गेली!" बबनरावांच्या मागून त्यांच्या पत्नी बेबीताईंनी मुद्दा निकाली काढला. "कोहळं लावा, सर. आमच्या घरचं बी देतो. दोन टोचा, एक निघन."

कोहळं म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला लाल भोपळा म्हणून हिणवतात ते. आमच्याकडे त्याची गोड बोंडं तळतात. मी दोनऐवजी पाच बिया टोचल्या, कारण मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस आहे आणि शास्त्रात काही बिया वाया जातात. पाचही उगवल्या.

पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. वेल अंगणापुरता होता. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन वैष्णवीला त्याच्यासमोर उभा राहून शिकवायचो. "हे बघ, आत्ता हा 'लश' आहे. हिरवागार, रसरशीत, डोळ्यांना बरा. तक्रार करण्यासारखं काही नाही." पुढच्या आठवड्यात त्याने तुळशीचं वृंदावन ओलांडलं. माझी पत्नी रत्नप्रभा हिने व्हिडिओ कॉलवर आपल्या बहिणीला तो दाखवला. "आता हा 'लक्झुरियंट'. यात थोडी श्रीमंती असते. नातेवाईकांना दाखवावंसं वाटतं." मग त्याने आमचं फाटक धरलं आणि दूधवाला बाहेरूनच हाका मारू लागला. "आता 'ओव्हरग्रोन'. यात थोडा मालकाचा आळस येतो."

"थोडा?" रत्नप्रभा आतून म्हणाली.

खरं सांगायचं तर वेलाचा वेग पाहून मीही चकित होतो. संध्याकाळी जे टोक पायरीवर पाहिलं ते सकाळी व्हरांड्याच्या जाळीत सापडायचं. ओळीतले लोक शतपावलीला आमच्याकडेच वळू लागले. "आज कुठवर आलं, सर?" हा आमच्याकडचा नमस्कार झाला. कोणी म्हणालं, शेंडा खुडा. कोणी म्हणालं, शेंडा खुडला तर दोन फुटतात. एकाने सांगितलं की वेलाला गाणी लावा. मी शेंडा खुडला आणि दोन फुटले. गाणी मात्र लावली नाहीत. माणसाने कुठेतरी थांबलं पाहिजे.

माझी जुनी स्कूटर पेरूच्या झाडाखाली उभी असते. ती एका सकाळी दिसेनाशी झाली. मी पोलिसांत जाणार होतो. चपला घालताना हिरव्या पानांतून आरसा चमकला.

मग वेल कुंपण ओलांडून बबनरावांच्या टिनाच्या शेडवर चढला. इथे भाषेच्या दृष्टीने फार मोठी घटना घडली. "वैष्णवी, लिहून घे. हा आता 'अनचेक्ड'. या शब्दात एक आरोप दडलेला असतो. म्हणजे याला कोणीतरी आवरायला हवं होतं आणि त्याने आवरलं नाही."

"कोणी?" बबनरावांनी शेडखालून विचारलं.

मी विषय बदलला. एखादी गोष्ट आपल्या अंगणात असली की लक्झुरियंट असते आणि शेजाऱ्याच्या टिनावर गेली की अनचेक्ड होते, हे कुठल्याच शब्दकोशात नाही. मला ते बबनरावांच्या चेहऱ्यावर सापडलं.

श्रावण लागला तरी फळाचा पत्ता नव्हता. पानं मात्र सुपाएवढी झाली होती. बबनरावांनी एक पान उलटं करून पाहिलं, देठ बोटांत मोडला आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"याले युरिया झाला जास्त. वावरातल्या पऱ्हाटीले नाही देत एवढा खाऊ घातला कोणीतरी. हे नुसतं माजलं."

"उत्तम!" मी ओरडलो. "वैष्णवी, 'रँक'! माजलेलं. पाला भरपूर, पण कामाचं काही नाही. लिहून घे!"

"पण खत घातलं कोणी?" वैष्णवीने विचारलं.

मी गांडूळखताचं एक पोतं घातलं होतं, पण ते सेंद्रिय. रत्नप्रभा आकाशाकडे पाहू लागली. ती रोज दुपारी, मी झोपलो की, ताकाचं पाणी ओतत होती. बेबीताईंनी कबूल केलं की त्या शेणकाला टाकत होत्या, "थोडासाच, बादलीभर." शेवटी सगळ्यांनी बबनरावांकडे पाहिलं.

"पऱ्हाटीचा उरला होता," ते पायाच्या अंगठ्याकडे पाहून म्हणाले. "पोरीचं काम हाय. मले वाटलं, कमी नको पडाले."

ज्या माणसाने मामाला शब्द दिला होता, तोच माणूस पहाटे कुंपणावरून ओणवा होऊन मूठमूठ युरिया टाकत होता. वैष्णवीने बापाच्या शर्टावरचा पालापाचोळा झटकला.

खत बंद झालं आणि वेलाला फळं धरली. पहिलं कोहळं मी पाहिलं आणि आनंदाने बोट दाखवून ओरडणार, तोच बेबीताईंनी माझा हात धरून खाली केला.

"बोट नका दाखवू, सर! कोवळं फळ सडते."

इंग्रजीचा शिक्षक असलो तरी मी इथलाच. बोट वाकवून, नुसतं पेर दाखवलं. त्या दिवसापासून अख्खी ओळ कोहळ्याबद्दल बोट दुमडून बोलू लागली. एक फळ शेडवर, एक फाटकावर, एक स्कूटरच्या सीटवर बसलेलं. आणि सगळ्यात मोठं, कापसासारखं फिकट, विजेच्या खांबावर.

हो, वेल खांबावर गेला होता. "वैष्णवी," मी गंभीरपणे म्हणालो, "हा क्षण आहे. आता रॅम्पंट. ओव्हरग्रोन म्हणजे वाढून बसलेलं. रॅम्पंट म्हणजे अजून वाढतंय आणि आता तुमच्याकडे वळून बघतंय. म्हणून रोगराई, अफवा, भ्रष्टाचार यांनाही हाच शब्द लावतात."

तेवढ्यात वीज कार्यालयाचा लाइनमन हरिसिंग नोटीस घेऊन आला. वेल काढा, नाहीतर ओळीचा पुरवठा बंद. मी त्याला म्हणालो, तूच काप, बाबा, शिडी तुझ्याकडे आहे. हरिसिंगने वर पाहिलं, कोहळं पाहिलं, आणि विळा परत पिशवीत ठेवला.

"मले जमणार नाही, सर. घरी बायको पोटुशी हाय. पोटुशीचा नवरा कोहळं तोडत नाही."

"मग वेल काप."

"फळत्या वेलाले तं कोणीच हात लावत नाही."

"मग नोटीस कशाला आणली?"

"नोटीस वेगळी गोष्ट हाय," हरिसिंग समजुतीने म्हणाला.

मी छाटणीच्या परवानगीसाठी दुसऱ्या एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी झाडाच्या बुंध्याचा घेर विचारला. मी म्हणालो, करंगळीएवढा. उंची? मी म्हणालो, उंची नाही, लांबी आहे, आणि ती मी निघालो तेव्हाची सांगू की आत्ताची? ते म्हणाले, करंगळीएवढ्या घेराचं झाड आमच्या कक्षेत बसत नाही. वीज कार्यालयातले साहेब म्हणाले, तुम्ही लावलं, तुम्ही काढा, नाहीतर पोळ्याच्या आदल्या सकाळी मी स्वतः माणसं घेऊन येतो. तीस वर्षं मुलांना ऐकवत आलो ती वाक्यं मला कोणीतरी ऐकवत होतं. बाहेर पडताना माझी छत्री तिथेच राहिली, आणि ती आणायला परत जाण्याइतका स्वाभिमान माझ्यात उरला नव्हता.

घरी आलो तर रत्नप्रभा वेलाकडे टक लावून उभी.

"अहो, एक विचारू? हे सगळं शाळेत नेणार कसं?"

मी, बबनराव, बेबीताई, वैष्णवी आणि शतपावलीला आलेली अर्धी ओळ एकमेकांकडे पाहत राहिलो. अडीच महिने आम्ही पाच सुशिक्षित आणि दहाबारा अनुभवी माणसांनी मिळून जी वस्तू वर्गात न्यायची होती ती वर्गापेक्षा मोठी केली होती.

"ट्रॉलीत घालू," बबनराव म्हणाले.

"उपटून?" मी विचारलं.

"मंग मयत होईन," ते स्वतःच म्हणाले आणि मटकन पायरीवर बसले.

वैष्णवीने मात्र त्याच दुपारी एस्टी पकडली. मी सोबत गेलो. ऋचा मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "पाठ वर्गातच घ्यायचा असतो."

"मॅडम, वस्तू येत नाही. वर्ग येऊ शकतो," वैष्णवी म्हणाली. "क्षेत्रभेट म्हणून."

क्षेत्रभेट हा शब्द शिक्षण खात्यात फार वजनदार आहे. मॅडमनी कॅलेंडर पाहिलं. मोकळी एकच सकाळ होती. पोळ्याच्या आदल्या दिवसाची.

त्या सकाळी आमच्या ओळीत जे घडलं ते सांगताना अजून मला उभं राहावं लागतं. बेबीताईंनी रस्त्यावर सडा घातला. कोणीतरी खुर्च्या मांडल्या. बबनरावांनी बैलांसाठी आणलेल्या झुलींपैकी एक मॅडमच्या खुर्चीवर अंथरली आणि रत्नप्रभाने ती काढली. शाळेची बस आली, चाळीसेक मुलं उतरली, आणि उतरताक्षणी संपली. म्हणजे दिसेनाशी झाली. काही वेलाखाली शिरली, काही शेडमध्ये, तिघं माझ्या स्कूटरवर जाऊन बसली. "बाई, तो पाहा!" "मॅडम, तिकडे!" आणि प्रत्येकाचं बोट ताठ.

"अरे, बोट नका दाखवू!" बेबीताई या टोकापासून त्या टोकापर्यंत धावल्या. पण चाळीस मुलं, म्हणजे चारशे बोटं. आणि त्या गोंधळात खुद्द ऋचा मॅडमनी खांबावरच्या मोठ्या कोहळ्याकडे बोट केलं. बेबीताईंनी मुख्याध्यापिकेचा हात मनगटाला धरून खाली दाबला.

मॅडमनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग मुलांकडे, मग वैष्णवीकडे. "वर्गनियंत्रण हा मोठा मुद्दा असतो," त्या थंडपणे म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. बबनरावांचा चेहरा टायरच्या रंगाचा झाला.

मी पुढे झालो. मदत करायला. वैष्णवीने हाताने मला मागे केलं. ज्या मुलीला मी अडीच महिने शिकवलं तिने मला गप्प केलं आणि मी चक्क गप्प झालो. हे रत्नप्रभाला आजही खरं वाटत नाही.

वैष्णवी दगडावर चढली. आवाज चढवला नाही, उलट बारीक केला.

"ही आमच्याकडची रीत आहे. कोवळ्या कोहळ्याला बोट दाखवलं की ते सडतं. खरं की खोटं, ते तुम्ही विज्ञानाच्या तासाला विचारा. पण हा वेल आमच्या घरचा आहे, आणि तुम्ही आमच्या घरी आला आहात. सगळ्यांचे हात मागे."

चाळीस जोड्या हात पाठीमागे गेले. स्कूटरवरचे तिघं खाली उतरले.

"आता ज्याला जे कोहळं दाखवायचं असेल त्याने शब्दांनी दाखवायचं. मराठीत नाही. मला कळलं पाहिजे कुठलं ते."

पहिल्यांदाच त्यांना कळत होतं की बोट गेलं की माणसाकडे किती कमी उरतं. मग खुशी नावाची एक मुलगी अडखळत म्हणाली, "मॅडम, द वन... विथ द सायलेन्सर." सगळे हसले. सापडलं. वैष्णवीने मग लिहून घेतलेले शब्द एकेक करून समजावले आणि विचारलं, "तिथला वेल कसा आहे?" "लश!" "फाटकावरचा?" "ओव्हरग्रोन, मॅडम, बिकॉज गेट इज नॉट ओपनिंग!" "शेडवरचा?" एक मुलगा बबनरावांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "अनचेक्ड." शब्द धडाधड येऊ लागले. मुलं माना उंचावून, टाचा उंचावून, पण हात मागे ठेवून ओरडत होती. मी पाहिलं, ऋचा मॅडमनी वही काखेत धरली होती आणि त्यांचेही हात मागे होते. ओळीतल्या सगळ्यांचेच होते.

नेमका त्या वेळी वीज कार्यालयाचा टेम्पो आला. साहेब उतरले, हरिसिंग शिडी घेऊन उतरला, त्याने आधी ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन लाइन बंद केली. साहेबांनी हात लांब केला. "हरिसिंग, ती फांदी काप, आणि ती—"

"हात मागे!" चाळीस पोरं एका आवाजात गरजली.

साहेबांचे हात आपोआप मागे गेले. सरकारी माणूस आहे. शाळेची सवय खोल असते.

"सर," वैष्णवी अदबीने म्हणाली, "कुठली कापायची ते शब्दांनी सांगा. मुलं मदत करतील."

साहेबांनी वर पाहिलं. घसा साफ केला. "ती... जी वर गेली आहे ती."

"विच वन, सर?" खुशीने विचारलं. "ऑल आर गोइंग अप."

"ती... म्हणजे जी तारेजवळून... नाही, तिच्या खालची—" साहेबांना घाम फुटला. हरिसिंग शिडीवर विळा धरून इमानदारीने वाट पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर मी एवढी शांती कधी पाहिली नव्हती.

"साहेब," शेवटी तो वरून म्हणाला, "कापाले सांगता येत नाही तं उतरवू का? खालून धरा म्हणा पोरांले."

"उतरव, बाबा," साहेब म्हणाले. "जे करायचं ते कर."

हरिसिंगने खांबाला मारलेला एकेक वेढा सोडवला. खाली मुलं ओळीत उभी राहिली आणि आता मागचे हात पुढे आले, पण बोटं दाखवायला नाही, वेल झेलायला. दिंडीतल्या पालखीसारखा तो वेल खांद्याखांद्यावरून खाली आला आणि माझ्या व्हरांड्याच्या बुटक्या छपरावर निजला. मोठं कोहळं बबनरावांनी दोन्ही हातांत घेतलं होतं, देठासकट, आणि छपराच्या कडेला टेकेपर्यंत सोडलं नाही.

"व्हॉट इज धिस व्हाइन, ऑल टुगेदर?" वैष्णवीने विचारलं.

"रॅम्पंट!"

"आणि आणखी काय काय रॅम्पंट असू शकतं?"

"डेंग्यू!" "फॉरवर्डेड मेसेजेस!" मग एक चष्मेवाला मुलगा ओळीतल्या मोठ्या माणसांकडे नजर फिरवून म्हणाला, "ॲडव्हाइस, मॅडम. हिअर."

ऋचा मॅडम हसल्या. तोंडावर हात ठेवायला त्यांनी हात पुढे आणला, थबकल्या, आणि परत मागे नेला.

बसमध्ये चढण्याआधी त्या वैष्णवीपाशी आल्या. "वर्गनियंत्रणाचं मी जे लिहिलं होतं ते खोडलं आहे. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, दोन्ही सुट्ट्या संपल्या की रुजू व्हा." मग बेबीताईंकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही, बाई, हात फार जोरात दाबता."

"दुखला काय, मॅडम?" बेबीताई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"थोडा. पण कोहळं वाचलं ना?"

बस वळणावरून गेली. सगळी ओळ एकदम बोलू लागली. बेबीताईंच्या डोळ्यांतून पाणी, रत्नप्रभा साखर शोधायला आत, वीज कार्यालयाचे साहेब माझ्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांदा चहा मागत होते. मला वाटलं, आता कोणीतरी माझ्या शिकवण्याचा उल्लेख करील. मी थोडा पुढे जाऊन उभाही राहिलो, दिसेल असा. कोणी केला नाही.

बबनराव शेडजवळ जाऊन वणीला फोन लावत होते. तिकडून मामांनी काय विचारलं ते ऐकू आलं नाही. बबनराव मात्र अख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते.

"नाही येत ती... काहून म्हणजे? मास्तरीण झाली!... हो, इंग्रजीची!... शब्द? हो, देला होता शब्द. आता परत घेतो. इतके शब्द हायेत आमच्या पोरीजवळ, तुले दुसरा देईन... तू असं कर, भाऊ, काउंटरवर तूच बस."